कब्जा असलेली जागा विकत घेताना: आधी दार वाजवा, मग कागद वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात पाच गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट, त्यावर जुनं कौलारू घर. मूळ मालक वारले, तिन्ही मुलं बाहेरगावी. घरात 'सात-आठ वर्षांपासून' एक कुटुंब राहतंय: मालकांच्या राखणदाराचा पुतण्या, त्याची बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. राखणदार स्वतः आता हयात नाही. भाडं नाही, करार नाही. जागेचा बाजारभाव ८० लाख, वारस ४८ लाखांत द्यायला तयार आहेत. अट एकच: 'खरेदीखत लगेच करा, ताब्याचं तुमचं तुम्ही बघा.' एजंट म्हणतो, माझी माणसं आहेत, पंधरा दिवसांत घर मोकळं करून देतो. विचारणारे निवृत्त शिक्षक आहेत आणि पैसे निवृत्तीचे आहेत. घ्यावं का? बँकेच्या आणि कोर्टाच्या लिलावातल्या जागांचं काय, हेही त्यांनी विचारलंय.

मी महाराष्ट्रात गेली बावीस वर्षं मिळकतीचे दिवाणी दावे चालवतोय, तेव्हा सरळ सांगतो. या अटींवर घेऊ नका. अटी बदलल्या तर व्यवहार करण्यासारखा असू शकतो. त्या कशा बदलायच्या ते पुढे सांगतोच, पण त्याआधी घरात बसलेला माणूस कायद्याच्या नजरेत नेमका कोण आहे, हे कळायला हवं. सगळी किंमत त्यावर ठरते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ३ मध्ये एक स्पष्टीकरण आहे, जे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. जागेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याचा जो काही हक्क असेल, तो घेणाऱ्याला माहीत होता असं कायदा गृहीत धरतो. तुम्ही विचारलं नसेल तरीही. म्हणजे उद्या त्या माणसाने २०११ सालचं साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, पुढे केलं आणि 'याच जोरावर मी ताब्यात आहे' असं म्हटलं, तर 'मला कल्पना नव्हती, मी प्रामाणिक खरेदीदार आहे' हा बचाव तुमच्या हातातून गेलेला असतो. सर्च रिपोर्ट कितीही स्वच्छ असू द्या. सर्च रिपोर्ट नोंदणी कार्यालयातल्या पुस्तकांचा असतो. घरात कोण जेवतंय, कोण झोपतंय, हे त्यात लिहिलेलं नसतं.

म्हणून पक्षकार असा व्यवहार घेऊन आला की मी इसार देण्याआधी त्याच्याबरोबर जागेवर जातो. काही वर्षांपूर्वीचं एक घर मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. विकणारा म्हणत होता, आत बसलेले घुसखोर आहेत, वडील गेल्यावर कुलूप तोडून शिरले. आम्ही दुपारी गेलो. दारापुढे शेणाने सारवलेलं अंगण, तुळशीला ताजं पाणी घातलेलं. भिंतीवरच्या वीज मीटरवर जुन्या मालकांचंच नाव होतं. कुलूप तोडून शिरलेल्या माणसाचं घर असं दिसत नाही. एक आजी बाहेर आल्या. मी आधी माझी ओळख सांगितली: मी वकील आहे, ही जागा घेऊ इच्छिणाऱ्यांच्या बाजूने आलोय. लपवाछपवी करून काढलेली माहिती टिकत नाही, आणि ते योग्यही नाही. मग विचारलं, तुम्ही इथे कशा आलात? आजी म्हणाल्या, "सायबांनीच ठेवलं आमाला. घर राखा म्हनाले. दर दिवाळीला लुगडं पाठवायचे, शेवटपर्यंत."

त्या एका वाक्यात अख्खा दावा होता. घरधन्याने स्वतः ठेवलं, म्हणजे ताबा परवानगीचा. परवानगीने मिळालेला ताबा किती का वर्षांचा असेना, त्यातून मालकी उगवत नाही. गोव्यातल्या एका घराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्वच्छ शब्दांत सांगितलंय: राखणदार, नोकर किंवा विनामोबदला राहू दिलेला नातेवाईक यांना दीर्घ वास्तव्यामुळे त्या जागेत हक्क मिळत नाही. विकणारा मात्र घुसखोरीची गोष्ट सांगत होता. तीच गोष्ट त्याने दाव्यात लिहिली असती, तर आजींचा ताबा पहिल्या दिवसापासून मालकाविरुद्धचा होता असं स्वतःच कबूल केलं असतं आणि समोरच्याला बारा वर्षं मोजायला सुरुवातीची तारीख आयती दिली असती. आजींचं म्हणणं आम्ही दोन शेजाऱ्यांसमोर लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं, त्यांच्या मुलाची सही घेतली. प्रकरण कसं मिटलं ते नंतर सांगतो.

आता या बारा वर्षांबद्दल, कारण 'सात-आठ वर्षं' या शब्दांनी मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकी हक्कावर ताबा मागण्याचा दावा बारा वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ही बारा वर्षं समोरच्याचा ताबा मालकाच्या हक्काला विरोधी झाला त्या दिवसापासून मोजतात. मुदत उलटली की कलम २७ लागतं आणि मूळ मालकाचा हक्कच संपतो. ज्याचा हक्क संपलाय त्याच्याकडून तुम्ही खरेदीखत केलंत, तर हाती मुद्रांक लावलेला कागद तेवढा उरतो. २०१९ पासून तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे असा कब्जेदार स्वतः वादी होऊन मालकी जाहीर करून मागू शकतो. पूर्वी हा मुद्दा बहुधा बचावासाठीच वापरला जाई.

यातल्या तीन चुका मी पुन्हा पुन्हा पाहतो. पहिली, जागा विकली की घड्याळ नव्याने सुरू होतं असं लोक धरून चालतात. होत नाही. विकणाऱ्याच्या हातात जेवढा वेळ शिल्लक होता, तेवढाच तुमच्याकडे येतो. दुसरी, वकिलाची नोटीस पाठवली किंवा पोलिसांत अर्ज दिला की मुदत थांबते, हा समज. थांबत नाही. दावा कोर्टात दाखल झाला पाहिजे. तिसरी चूक घाबरण्याची: बारा वर्षं राहिला म्हणजे झाला मालक, हेही खरं नाही. ताबा उघड, सलग आणि मालकाचा हक्क नाकारणारा होता, आणि तो नेमका कधीपासून, हे सगळं कब्जेदाराला सिद्ध करावं लागतं. नुसतं राहणं पुरेसं नाही.

तुमच्या बाबतीत गुंता पुतण्याचा आहे. राखणदाराचा ताबा परवानगीचा होता, हे बहुधा सिद्ध करता येईल. तो गेल्यावर पुतण्या कोणाच्या परवानगीने राहिला? वारसांनी त्याला राहू दिलं की त्याने 'हे आता माझं' म्हटलं? घरपट्टी कोण भरतंय, कोणाच्या नावावर? 'सात-आठ' हा आकडा कुठून आला? विकणारे वारस बाहेरगावी राहतात, त्यांना नेमकं माहीत असण्याचं कारण नाही. मी पाहिलेल्या प्रकरणांत असे 'सात-आठ' कागदावर अकरा निघालेले आहेत. मग दावा तयार करायला एक वर्षसुद्धा मिळत नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या आकारणी नोंदवहीत भोगवटादार म्हणून कोणाचं नाव कोणत्या वर्षी लागलं, वीज जोडणी कधीची, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता कोणता, मतदार यादीत कधीपासून, हे शोधा. या तारखा कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसतात.

आत बसलेला प्रत्येक जण घुसखोर नसतो, हेही ध्यानात घ्या. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपून बसलेला माणूस असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याला काढता येतं. मुदत संपल्यावरच्या काळासाठी दुप्पट शुल्काची तरतूदही त्यात आहे. हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ जलद असतो. मात्र करारात ज्याचं नाव आहे त्या मालकानेच, विक्रीच्या आधी तो अर्ज करावा. याउलट पागडीचा किंवा जुना संरक्षित भाडेकरू असेल, तर त्याला काढायला त्याच कायद्याच्या कलम १६ मधलं एखादं कारण लागतं, आणि त्याच्यानंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेपट्टा जाऊ शकतो. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते जुन्या भाडे कायद्याने भाडेकरूच ठरले. जुन्या वाड्यांत अजून अशी घरं आहेत. तिथे 'बेकायदा कब्जा' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडचा असतो, कोर्टाचा नव्हे.

झोपडपट्टी म्हणून घोषित क्षेत्र असेल तर १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय निष्कासनाची, म्हणजे बाहेर काढण्याची, कारवाईच करता येत नाही. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीत राहणाऱ्यांना त्या कायद्यात स्वतंत्र संरक्षण आहे. अशा जागेत वैयक्तिक खरेदीदाराने शिरूच नये, असं माझं मत आहे.

शेतजमीन असेल तर सगळं निराळंच. तुमचा प्लॉट बिगरशेती आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाची असेल म्हणून सांगतो. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना आणि १९५७ च्या आधीपासूनचे फेरफार काढल्याशिवाय इसार देऊ नका. १ एप्रिल १९५७ हा कूळ कायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानेच खरेदीदार मानलं गेलं. आज जो 'बसलाय' असं सांगतात, तो कुळाचा नातू असू शकतो. तो कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तहसीलदाराकडे जातो. आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही.

कधी कधी आत बसलेला माणूस सहवारस असतो. विकणारे तीन भाऊ तुमच्यासमोर बसलेले असतात आणि घरात राहणारी त्यांची बहीण 'अशीच राहते' असं सांगितलं जातं. ती हिस्सेदार आहे. तिच्या सहीशिवाय तुम्हाला घर मिळत नाही, भावांचे अविभक्त हिस्से मिळतात, आणि राहत्या कौटुंबिक घरात परक्या खरेदीदाराला भागीदार म्हणून घुसता येत नाही. वाटपाचा दावा लावत बसावं लागतं.

आता एजंटच्या 'माणसां'बद्दल. हे मी कळकळीने सांगतोय, कारण यात सज्जन लोक भरडले जाताना पाहिलेत. स्थिरावलेल्या ताब्यातल्या माणसाला, त्याचा हक्क शून्य असला तरी, कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत हे सांगितलंय, आणि ते खुद्द मालकालाही लागू आहे. त्याला जबरदस्तीने काढलंत तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांत दावा लावतो. त्या दाव्यात कोर्ट मालकी कोणाची हे बघतच नाही. ताबा होता का आणि बेकायदा हिसकावला का, एवढंच बघतं. त्या हुकूमनाम्यावर अपीलही नाही. म्हणजे निवृत्तीचे पैसे ओतून जागा घेतलेल्या शिक्षकावर फौजदारी गुन्हा, आणि घुसलेला माणूस कोर्टाच्या बेलिफाबरोबर पुन्हा आत. एजंटची माणसं तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलेली असतात. वीज तोडणं, पाणी बंद करणं, छपराची कौलं काढणं, हे सगळं त्याच मापाने मोजलं जातं. आणि आत शाळेत जाणारी मुलं आहेत, तुम्ही स्वतः शिक्षक आहात. एवढं लिहून पुढे जातो.

पोलीस मदत करतील का? कब्जा नुकताच घेतला असेल तर काही प्रमाणात. दोन महिन्यांच्या आत जबरदस्तीने ताबा घेतलेला असल्यास कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली आधीच्या ताबेदाराचं संरक्षण करू शकतात. हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४५. सात-आठ वर्षांच्या ताब्यात मात्र ठाणेदार 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतात, आणि तिथे त्यांचं चुकत नाही.

पैशाचा हिशेब करू, कारण ३२ लाखांची सूट डोळ्यांत भरते. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, मूल्य समजा ७० लाख निघालं. मुद्रांक शुल्क तुमच्या ४८ लाखांवर नाही, ७० लाखांवर लागणार, कारण दिलेली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यातला मोठा आकडा धरतात. ६ टक्के धरले तर ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार. इथवर लोकांना माहीत असतं. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. मुद्रांकासाठीचं मूल्य आणि तुम्ही दिलेली किंमत यातला फरक ५० हजारांहून आणि किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त असेल, तर तो सगळा फरक आयकर कायदा तुमचं उत्पन्न मानतो. २२ लाख रुपये, जे तुम्हाला कधी मिळालेच नाहीत. ३० टक्क्यांच्या टप्प्यात ते गेले तर ६ लाख ६० हजार कर, वर उपकर. विकणाऱ्यालाही भांडवली नफा ७० लाख धरूनच मोजावा लागतो. म्हणजे ४८ ची जागा नोंदणीच्या पहिल्याच वर्षी ५९ लाखांच्या पुढे गेली, आणि त्यात तुमचं पाऊल अजून उंबऱ्याच्या आत पडलेलं नाही.

यावर उपाय आहे, पण तो आधी करायचा. दस्त करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे शुल्क किती लागेल ते आधीच ठरवून घ्यायला, टाका, कब्जा असल्याचे पुरावे जोडा आणि मूल्य कमी ठरवून मागा. आयकरातही मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. आपल्या सीएला हा प्रश्न इसाराआधी विचारा, विवरणपत्र भरताना नव्हे.

मग वेळ. पहिल्या कोर्टातच पाच ते सात वर्षं लागलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत. वर अपील, त्यानंतर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. दरखास्तीत एखादा नवाच माणूस 'मी वेगळ्या हक्काने आत आहे' म्हणून अडथळा घालतो आणि त्याचंही म्हणणं कोर्टाला ऐकावं लागतं. ५९ लाखांवर वर्षाला ७ टक्के धरले तर सात वर्षांत ते ९४ लाखांच्या वर जातात. तोवर जागेचा भावही वाढेल हे मान्य. पण तो वाढतो तसा आत बसलेल्याच्या मागणीचा आकडाही वाढतो, हे प्रत्येक तडजोडीच्या टेबलावर दिसतं. आणि अशा जागेवर बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणजे हे सगळे पैसे तुमच्या खिशातले. तुमच्या वयात सात वर्षांचा अर्थ तिशीतल्या माणसासारखा नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण हिशेबात ते धरायलाच हवं.

आता अटी कशा बदलायच्या. खरेदीखत आत्ता करायचंच नाही. नोंदणीकृत साठेखत करा, थोडीच रक्कम द्या. मी १० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. साठेखतात लिहा की मोकळा, शांत ताबा मिळाल्याच्या दिवशीच खरेदीखत आणि उरलेली रक्कम. कायद्याप्रमाणे ताबा देणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहेच, पण 'ताब्याचं तुमचं तुम्ही बघा' असं करारात लिहून दिलंत की तुम्ही ते माफ करता. ताब्यासाठीचा दावा वारसांनी त्यांच्या नावाने, त्यांच्या खर्चाने, ठराविक तारखेच्या आत दाखल करावा, हे कलम घाला. राखणदाराला कोणी ठेवलं, कधी, त्याला काय द्यायचे, याचे साक्षीदार तेच आहेत. तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून काय सांगणार? खरेदी करून टाकलीत की विकणारे फोनसुद्धा उचलत नाहीत. कागद कमी पडले म्हणून नव्हे, तर माहितगार साक्षीदार आला नाही म्हणून दावा हरलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. ठरलेल्या मुदतीत ताबा मिळाला नाही तर इसार व्याजासह परत, आणि दिलेल्या रकमेचा बोजा जागेवर राहील, हेही लिहा. एक सावधगिरी: करारपूर्तीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. पूर्ततेची कॅलेंडरवरची तारीख टाकलीत आणि दावा रेंगाळला, तर ही मुदत तुमच्याच अंगावर येते. म्हणून पूर्तता 'ताबा मिळाल्यापासून अमुक दिवसांत' अशी बांधा.

वारस याला तयार नसतील, तर का नाहीत ते विचारा. मला तरी त्याचं चांगलं कारण क्वचितच ऐकायला मिळालंय.

त्याच दिवसांत एका बाजूला तडजोडीचं बोलणं सुरू करा. आजींच्या घराचं तसंच झालं. त्यांच्या मुलाने पहिल्या बैठकीत मोठा आकडा सांगितला. दुसऱ्या बैठकीत कळलं की त्यांना खरी भीती होती ती पावसाळ्यात रस्त्यावर येण्याची आणि नातीची दहावी बुडण्याची. विकणाऱ्याने परीक्षा संपेपर्यंत राहू दिलं, नवीन खोलीची अनामत आणि वर काही रक्कम दिली. दाव्यावर जेवढा खर्च झाला असता त्याच्या कितीतरी आत हे मिटलं, आणि आजींना जाताना कोणी हात लावला नाही.

पण अशी तडजोड नोटरीच्या कागदावर करू नका. पैसे घेऊन माणूस तिथेच राहिला तर त्या कागदावर बेलिफ येत नाही. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून तसा हुकूमनामा घ्या. दावा नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत न्या. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो आणि त्यावर अपील नसतं. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही घ्या. नवऱ्याने सही केली आणि बायकोने 'मी कुठे कबूल केलं' म्हणून दुसऱ्या दिवशी दावा लावला, हे माझ्यासमोर घडलंय. रक्कम दोन टप्प्यांत, मोठा टप्पा किल्ली हातात पडताना. त्या दिवशी पंचनामा, रिकाम्या खोल्यांचे फोटो, वीज मीटरचा आकडा, आणि संध्याकाळच्या आत तुमचं कुलूप व राहायला तुमचा माणूस. रिकामं घर एक रात्रही तसंच सोडू नका. आणि हा नवा माणूस ठेवाल त्याच्याशी लेखी करार करा, पगार बँकेतून द्या. नाहीतर वीस वर्षांनी तुमची मुलं हाच प्रश्न दुसऱ्या कोणा वकिलाला विचारतील.

लिलावातल्या जागांबद्दल वेगळं विचारलंत म्हणून थोडक्यात. सरफेसी कायद्याखालचे, म्हणजे बँकांनी थकीत कर्जाच्या वसुलीसाठी केलेले, लिलाव 'जशी आहे, जिथे आहे' या तत्त्वावर असतात. जाहिरातीत सांकेतिक ताबा लिहिलाय की प्रत्यक्ष, हा एक शब्द आधी बघा. सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली, माणसं आतच. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के आणि पंधरा दिवसांत उरलेली रक्कम भरावी लागते, मुदतवाढ मिळाली तर तीन महिन्यांपर्यंत. पैसे बँकेकडे गेले, घर कर्जदाराकडेच आणि कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात, अशा अवस्थेत चार वर्षं काढलेला माझा एक पक्षकार आहे. बँकेने जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत कलम १४ खाली प्रत्यक्ष ताबा घेतल्याशिवाय पहिल्यांदाच घेणाऱ्याने बोली लावू नये. दिवाणी कोर्टाच्या लिलावात घेतलं असेल, तर विक्री कायम झाल्यापासून एका वर्षात ताब्याचा अर्ज करायचा असतो. ती तारीख डायरीत लिहा.

दोन गोष्टी राहिल्या. विकणाऱ्यांची मालकी कुलमुखत्यारपत्रावर आणि ताबा पावतीवर उभी असेल तर २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे तो मालकीचा दस्तच नाही, तिथे पुढचं वाचायचीही गरज नाही. आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्या. मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आली की कब्जा पाचही गुंठ्यांवर आहे की घरापुरता, ते कळतं. मोकळ्या भागाचा ताबा वारसांकडेच असेल तर तेवढ्याला आजच कुंपण घालता येतं.

तुम्ही या आठवड्यात करायचं ते एवढंच. एजंटला 'थांबा' म्हणून सांगा, पैसे देऊ नका. आकारणी नोंदवहीचा उतारा मागवा. मग दिवसाउजेडी, गावातल्या एखाद्या मान्यवराला बरोबर घेऊन त्या घरी जा, स्वतःची खरी ओळख सांगा, आणि त्या म्हातारीला विचारा, तुमचे दीर वारले तेव्हा घराची किल्ली कोणी दिली तुम्हाला? काय म्हणतील ते शब्दशः लिहून तारखेसह मला कळवा. साठेखताचा मसुदा त्यानंतर करू.